शोधन आणि रोपण



भाषेच्या अध्यापकाने मधाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मला या विषयाकडे दोन शब्दांनीच नेले. सुश्रुतसंहितेत मधाचे जे गुण वर्णिले आहेत, त्यांत शोधन आणि रोपण हे दोन येतात. व्रण आधी शुद्ध करावा, मग तो भरून यावा, असा तो क्रम. महाकालाच्या पंचामृतामुळे उज्जैनकरांना मध परिचित आहे तो पूजाद्रव्य म्हणून. आज त्याचे हे दुसरे रूप पाहू.

क्षिप्रेच्या घाटावरील ओल्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर धरतो, दातांवर किटण साचते. जुनाट जखमेतही जंतू असेच चिकट आवरण विणून त्याच्या आश्रयाने राहतात. शास्त्रज्ञ त्यास बायोफिल्म म्हणतात. त्या आवरणात औषध पुरेसे शिरत नाही. शिवाय आतले जंतू मंदगतीने वाढत असल्यामुळे प्रतिजैविके त्यांच्यापुढे दुबळी ठरतात.

मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते. ती जंतूंमधील पाणी शोषून घेते. मध आम्लधर्मी आहे. त्यातच मधमाशीने मिसळलेले एक विकर, मध जखमेच्या ओलाव्याने पातळ होताच, हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. मधामुळे जंतूंचे असे थर धरण्यास अडथळा होतो, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसले आहे. परंतु काचेच्या तबकडीत जे घडते ते रुग्णाच्या देहात घडेलच, असे नाही.

म्हणूनच सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांचे काम मोलाचे. वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे त्यांनी दोन समान गट केले. एकास मध लावला, दुसऱ्यास रूढ असलेले चांदीयुक्त मलम. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या आणि ८७ टक्के पंधरा दिवसांत भरल्या. दुसऱ्या गटात पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा १० टक्केच होत्या.

मित्रहो, ‘आमच्या ग्रंथांत सारे होतेच’ असे म्हणून थांबणे सोपे. ‘हा आजीबाईचा बटवा’ म्हणून हसणे त्याहूनही सोपे. या वैद्याने दोन्ही टाळून मोजणी केली. परंपरेचा खरा आदर हाच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उपचाराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरच्या बरणीतला मध खोल जखमेवर लावू नये, आणि एक वर्षाखालील बालकास तर चाटवूही नये. त्यात घातक जंतूंची बीजे असू शकतात. पूज्य वस्तूही पारखूनच घ्यावी, एवढेच या निमित्ताने सांगून आपली रजा घेतो.