रिकामी बाटलीसुद्धा मोजा
(मार्केट यार्डातल्या बचत गट मेळाव्यात केलेलं भाषण)

तुमच्यातल्या कितीतरी जणींचा माल या यार्डात येतो. पोती किती उतरली, वजन किती भरलं, पट्टीवर काय लिहिलं, हे तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघता. मग घरचं माणूस दवाखान्यात ॲडमिट असताना औषधांचा हिशेब विचारायला आपण का लाजतो?

एप्रिल २०२१ आठवा. रेमडेसिविरसाठी माणसं रात्र-रात्र वणवण फिरत होती. कंपन्यांनी बाटलीची किंमत साडेतीन हजारांच्या आत आणली होती. त्याच सुमारास बारामतीत पोलिसांनी चौघांना पकडलं. रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून ते पस्तीस हजारांपर्यंत विकत होते. बाटल्या कुठून आल्या? पकडलेल्यांपैकी एक जण कोविड रुग्णालयातच कामाला होता. म्हणजे आपण कचरा समजतो ती रिकामी बाटली वॉर्डातून बाहेर गेली आणि कुणाच्या तरी जिवाशी खेळ झाला.

भरलेल्या बाटल्याही जातात. मॉर्फिन, फेंटॅनिल ही जबर वेदनेवरची औषधं, पण त्यांची नशाही होते. म्हणून १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली त्यांचा हिशेब ठेवावाच लागतो. चांगल्या रुग्णालयात ती कुलपात असतात, काढताना दोघांच्या सह्या होतात, उरलेलं औषधही दुसऱ्यासमोरच टाकतात. आपल्या गटाची पेटी एकटीने उघडायची नाही, तसंच हे.

अमेरिकेत २०१२ साली एक तंत्रज्ञ पकडला गेला. रुग्णांची फेंटॅनिलची सिरिंज तो स्वतःला टोचायचा आणि तीच परत ठेवायचा. त्याला हिपॅटायटिस सी होता, तो कितीतरी रुग्णांना झाला. न्यू हॅम्पशायरच्या रुग्णालयात एकापाठोपाठ एक रुग्ण त्याच आजाराचे निघाले, तेव्हा शोध लागला. त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याला काय दिसू शकतं? कागदावर इंजेक्शन दिल्याची नोंद, पण पेशंट रात्रभर कण्हतोय. तेही एकाच माणसाच्या पाळीत, वारंवार. तुम्ही चार बाटल्या आणून दिल्या, तीनच टोचल्या, चौथीचं कुणी बोलत नाही. सील आधीच फुटलेलं. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी एका दमात, एकाच शाईने लिहिलेल्या. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे चोरीच झाली असं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तीस पेशंटमागे एक सिस्टर असली की नोंदी उशिरा होतातच. आणि खरंच कुणी नशेत अडकलं असेल, तर त्यालाही उपचार लागतात.

आपल्यातल्या काही जणी दवाखान्यात मावशी म्हणून कामाला आहेत. त्यांना तर जास्तच सांगते. औषध गायब झालं की पहिला आळ झाडूवालीवर येतो. रिकाम्या बाटल्या उचलताना सिस्टरसमोर मोजा. लेबल खोडून, ठरलेल्या डब्यातच टाका. कुणी “चार बाटल्या बाजूला ठेव” म्हणालं तर नाही म्हणा आणि मेट्रनला कळवा.

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, “विचारलं आणि सिस्टर चिडल्या तर?” चिडतील. पण “ताई, हे कोणतं औषध, किती दिलं?” एवढंच विचारायचं, आवाज न चढवता. बिल आणि बाटलीवरचा बॅच नंबर वहीत लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही तर रुग्णालयाच्या प्रमुखांना लेखी द्या, पोच घ्या. तिथेही दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जायचं. अर्ज कसा लिहायचा ते जेवणानंतर दाखवते, वही-पेन घेऊन बसा.