जगातील धर्मांचा अभ्यास आणि आपली मुले

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात गुलमंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अहवालवाचन झाले, गुणवंतांचा सत्कार झाला, आणि आता मंडळींचे लक्ष पंक्तीकडे लागले असणार, हे मी जाणून आहे. तथापि एका प्रश्नावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली आहे. आपल्या ज्ञातीतील एका कन्येने महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी जगातील प्रमुख धर्मांची ओळख करून देणारा विषय घेतला असून ज्ञातिसंघाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे. समितीत दोन मते पडली आणि निर्णय सर्वसाधारण सभेवर सोपविण्यात आला. आक्षेप दोन आहेत. पहिला, या विषयाने पोट कसे भरणार? दुसरा, परधर्माचे वाचून मुलांची स्वधर्मावरील श्रद्धा ढळणार नाही काय? दोन्ही आक्षेप काळजीपोटी आलेले आहेत. म्हणून ते हसण्यावारी नेऊ नयेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. महाविद्यालयीन विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. परंतु जे वाचले व विचारिले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम हा विषय म्हणजे काय, हे पाहू. धर्म शिकविणे निराळे आणि धर्मांविषयी शिकविणे निराळे. कीर्तनकारबुवा, मौलवी अथवा पाद्री धर्म शिकवितात. त्यात श्रद्धा जागविण्याचा हेतू असतो. महाविद्यालयातील प्राध्यापक धर्मांविषयी शिकवितो. अमुक धर्म कोठे उदयास आला, त्याचे ग्रंथ कोणते, पंथ किती, आचार कोणते, इतिहासात त्याने काय केले, हे तो सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने संपूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. परंतु डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे शिकवावीत, अशी शिफारस केली होती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) वर सांगितलेला भेद स्पष्ट केला, आणि २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण घटनेच्या विरुद्ध नाही असा निर्वाळा दिला. सारांश, ही कोणाची लहर नव्हे. देशातील विचारवंतांनी पुष्कळ ऊहापोह करून मान्य केलेली ही गोष्ट आहे.

आता उपयोगाचा विचार करू. आपण या पेठेत उभे आहोत. सुपारी मारुतीला नमस्कार करून दुकान उघडणारा व्यापारी दिवसभरात किती धर्मांच्या गिऱ्हाइकांशी बोलतो! रमजानची खरेदी, दिवाळीची खरेदी, बुद्धपौर्णिमेची खरेदी, हे सारे तो गल्ल्यावर बसून पाहतो. परंतु रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे का सरकतो, आणि आपली दिवाळी मात्र शरद ऋतू सोडून का जात नाही, असे विचारले तर किती जणांना उत्तर देता येईल? हिजरी वर्ष केवळ चंद्रावर चालते. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि अधिकमास धरण्यास कुराणाने प्रतिबंध केला आहे. म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. आपल्या पंचांगात साधारणतः ३२-३३ महिन्यांनी अधिकमास येतो आणि सण ऋतूशी जुळलेले राहतात. ख्रिस्ती मंडळींचा ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी येतो. शेजाऱ्याचा सण कळला, की शेजारी अर्धा कळला. पोट भरण्याच्या दृष्टीने म्हणाल, तर या विषयाने नोकरी मिळेलच असे वचन मी देत नाही. परंतु जेथे चार प्रकारची माणसे एकत्र नांदतात, तेथे वकील, डॉक्टर, शिक्षक, परिचारिका, सरकारी अधिकारी आणि व्यापारी या सर्वांना या ज्ञानाची गरज पावलोपावली भासते.

आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची पाठशाळा या विषयाला क्वचितच मिळेल. वेरूळला एकाच डोंगरात ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. दहावे लेणे लोक परंपरेने विश्वकर्म्याचे म्हणतात, ‘सुतार का झोपडा’ असेही म्हणतात. वस्तुतः तो बौद्ध चैत्य असून आत स्तूपापुढे भगवान बुद्ध उपदेशमुद्रेत बसलेले आहेत. लोकांची भक्ती खोटी नव्हती, मात्र ओळख अपुरी होती. तेथून जवळच खुलताबादेस सूफी संतांचे दर्गे आहेत. दुसऱ्या दिशेस पैठण. तेथील एकनाथमहाराजांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचला. दोघे वादी परस्परांचे दोष काढता काढता अखेरीस समेटास येतात, असा तो संवाद चारशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत झाला.

श्रद्धा ढळेल काय, या प्रश्नास मी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्राने उत्तर देतो. १८७३ साली जमखंडीस वारकरी वळणाच्या घरात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. शिक्षणात सयाजीराव गायकवाड महाराजांचे साहाय्य त्यांना लाभले. १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. युनिटेरियन पंथीयांच्या या संस्थेत विद्यार्थ्यास विशिष्ट धर्ममत मान्य करण्याची अट नव्हती. तेथे डॉ. एस्टलिन कार्पेंटर हे तुलनात्मक धर्म शिकवीत. हे गृहस्थ ख्रिस्ती असून पाली ग्रंथांच्या संपादनात रमलेले होते. शिंद्यांनी दोन वर्षे अनेक धर्मांचा अभ्यास केला आणि १९०३ साली ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत भारतातील उदार धर्मावर निबंध वाचला. इतके करून ते ख्रिस्ती झाले काय? नाही. नास्तिक झाले काय? तेही नाही. ते प्रार्थनासमाजाचे प्रचारक होऊन स्वदेशी परतले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी व उद्धारासाठी त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ या संस्थेची स्थापना केली. आचार्य विनोबांनी तर कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी भाषा शिकून घेतली, आणि कुराणाचे व ख्रिस्तधर्माचे सार लोकांपुढे ठेविले. त्यांची गीतेवरील निष्ठा कमी झाली, असे कोणी म्हणेल काय?

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. शिंद्यांच्या अभ्यासाने त्यांची श्रद्धा ढळली नाही. परंतु ती त्यांना स्वस्थही बसू देईना. इतरांचे धर्म समभावाने वाचणारा मनुष्य स्वतःच्या समाजाकडेही त्याच दृष्टीने पाहू लागतो. उद्या ही कन्या घरी येऊन विचारील, की आमच्या पंक्तीत अमुक का बसत नाही? ज्ञातिसंघाने केवळ ज्ञातीपुरतेच का पाहावे? आपल्या मनातील खरी भीती हीच आहे, असे मला वाटते. धर्म बुडेल ही भीती वरवरची. घरच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल, ही भीती खोलवरची. माझे नम्र मत असे, की ज्या धर्माला प्रश्नांची बाधा होते, तो धर्म नव्हे, केवळ सवय होय. आणि सवय बदलल्याने कोणाचे अकल्याण झालेले नाही.

प्रश्न कसा विचारावा, याचा धडाही आपल्या गावातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले. पुढे त्याचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन असे ठेवण्यात आले. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा बौद्ध भिक्षू; त्यांची प्रश्नोत्तरे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. वादास आरंभ होण्यापूर्वी नागसेन राजाला विचारतो, की तू पंडित म्हणून बोलणार की राजा म्हणून? पंडिताचे मत खोडले गेले तरी तो रागावत नाही. राजाचे खोडले तर तो दंड करितो. मिलिंदाने पंडित म्हणून बोलण्याचे मान्य केले. धर्मांच्या अभ्यासवर्गात बसणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीही, ही अट स्वीकारावी.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना करितो. आपण व्यापारी माणसे. घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणाऱ्यास आपण लबाड म्हणतो. धर्मांच्या बाबतीत मात्र हीच लबाडी राजरोस चालते. आपला धर्म आपण गीतेवरून तोलतो आणि दुसऱ्याचा धर्म रस्त्यावरील दंग्यावरून. तोलावयाचे तर ग्रंथाशी ग्रंथ आणि वर्तनाशी वर्तन तोलावे. परधर्माचे वर्णन असे करावे, की त्या धर्माचा प्रामाणिक अनुयायी ऐकून म्हणेल, “होय, हे आमचेच आहे.” परीक्षेत गुण कितीही मिळोत, ही एक सवय जडली तरी शिष्यवृत्तीचा पैसा सार्थकी लागला असे मी समजेन.

म्हणून सभेस माझ्या तीन विनंत्या आहेत. सदर अर्ज विषयाच्या कारणाने नामंजूर करू नये. गुण आणि गरज ही नेहमीची कसोटी याही अर्जास लावावी. ज्ञातिसंघाच्या वाचनालयात शिंद्यांचे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र आणि विनोबांची पुस्तके ठेवावीत. आणि मुलांची वार्षिक सहल वेरूळास नेताना तिन्ही धर्मांची लेणी समजावून सांगणारा जाणता मनुष्य बरोबर घ्यावा.

मुलीने विषय निवडून आपले काम केले आहे. आता तिच्यापुढे राजा म्हणून बसावयाचे की पंडित म्हणून, हे आपण ठरवावयाचे आहे.