लेखणीचा दर



विडी वळणाऱ्या बाईला हजारावर मजुरी मिळते आणि काम हाती घेण्यापूर्वी ती दर विचारते. मासिकाला लेख धाडणारा स्वतंत्र लेखक मात्र दर विचारायला लाजतो. वास्तविक तोही नगावर काम करणाराच!

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. आजही दिवाळी जवळ आली की नवी मंडळी अख्खा लेख लिहून पाठवितात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. माझे सांगणे असे, की पावसाळ्यापूर्वीच संपादकांना एक पानाचे पत्र लिहा. त्याआधी त्यांचे दोनचार जुने अंक वाचा. 'गिरणगाव' हा विषय मोघम झाला. '१९८२ च्या संपानंतर गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांनी संसार कसा सावरला', हा नेमका झाला. माहिती कोणाकडून मिळेल, शब्द किती, लेख केव्हा हाती देणार, आणि तो तुम्हीच का लिहावा, एवढे त्या पत्रात यावे.

होकार आला म्हणजे, लिहावयास बसण्यापूर्वी, तीन गोष्टी लेखी विचारा. मानधन किती? ते लेख स्वीकारल्यावर की छापल्यावर? आणि मागवून घेतलेला लेख छापला नाही तर काय?

चौथी गोष्ट हक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम सांगते, की लेखकाच्या सहीच्या लेखावाचून त्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही. त्या लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' अशा ओळीखाली सही करण्यापूर्वी दोनदा वाचा.

कोणी म्हणेल, मासिके तोट्यात चालतात, संपादक पदरमोड करतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण कागदवाल्याचे आणि छापखान्याचे बिल चुकते होते ना? मग ज्याच्या मजकुरासाठी कागद घेतला, त्याचेच नाव यादीत शेवटी का? देणे झेपत नसेल तर तसे आधी सांगावे. फुकट लिहावे की नाही, हे लेखक ठरवील.

एकट्याने दर मागणे जड जाते, हे मी गिरणीच्या दारावर पाहिले आहे. तेव्हा निदान एवढे करा: कोणी किती दिले, केव्हा दिले, हे आपापसांत सांगा. दर झाकलेला राहिला, की तो देणाऱ्याच्या मर्जीवर राहतो.