लिलावात निघालेले उपवन

एखादा जुना वाडा विक्रीस निघाला म्हणजे त्याचे मोल ठरविणे फारसे कठीण नसते. जागेचे क्षेत्रफळ, सागवानी तुळया, दगडी जोते, विहिरीचे पाणी या गोष्टी पाहून जाणता माणूस आकडा सांगू शकतो. परंतु त्या वाड्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेले, चित्रासारखे योजून रचलेले उपवन असेल, तर त्याची किंमत कशी करावी? झाडांचे लाकूड मोजता येते, पुतळ्यांचे शिसे तोलता येते, जमीन एकरांत सांगता येते. पण टेकडीच्या माथ्यावरून तळ्याच्या पाण्याकडे आणि तेथून पलीकडच्या क्षितिजाकडे जाणारी नजर कोणत्या मापाने मोजावयाची? इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यातील स्टो या प्रासादाच्या इतिहासात हा प्रश्न मोठ्या तीव्रतेने उभा राहिला. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या देशातही येऊन पोचला आहे.

इंग्रज उमरावांची खरी सत्ता राजधानीतील घरात नसून खेड्यातील प्रासादात वसत असे. भोवतालच्या हजारो एकर जमिनीचा खंड तेथे जमा होई, निवडणुकीचे डाव तेथे ठरत, आणि पाहुण्यांवर घराण्याचा दरारा तेथेच बसविला जाई. स्टो हे टेंपल घराण्याचे असे ठाणे होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे नवे घर उभे राहिले. परंतु त्याला कीर्ती मिळाली ती पुढच्या पिढीतील रिचर्ड टेंपल, म्हणजेच लॉर्ड कॉबम, याच्या हातून. हा शिपाईबाण्याचा सरदार होता. मार्लबरोच्या सैन्यात त्याने नाव मिळविले होते. 1733 साली जकातीच्या प्रश्नावरून त्याचे प्रधान वॉलपोलशी बिनसले आणि त्याची पलटण त्याच्याकडून काढून घेण्यात आली. पदच्युत सरदाराने मग आपले राजकारण आपल्या बागेत मांडले.

हे म्हणणे अलंकारिक वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे. विल्यम केंट या कलावंताकडून कॉबमने एका दरीत दोन मंदिरे बांधविली. त्यांपैकी 'प्राचीन सद्‌गुणांचे मंदिर' सुबक, वर्तुळाकार आणि अभंग होते. आत प्राचीन ग्रीसमधील थोर पुरुषांचे पुतळे होते. त्याच्या जवळच 'आधुनिक सद्‌गुणांचे मंदिर' होते. ते मुद्दाम पडक्या स्थितीत बांधलेले होते आणि त्यात एक शिरविहीन पुतळा ठेवलेला होता. तो वॉलपोलचा आहे हे पाहुण्यांना कोणी सांगावे लागत नसे. ओढ्यापलीकडे ब्रिटनच्या 16 थोर व्यक्तींचे अर्धपुतळे एका अर्धवर्तुळाकार भिंतीत बसविले गेले. त्यांत शेक्सपिअर, मिल्टन, न्यूटन आणि लॉक आहेत, राणी एलिझाबेथही आहे. याच वास्तूच्या पाठीमागे मात्र एका इटालियन नावाच्या महाशयाच्या गुणांची प्रशस्ती कोरलेली आहे. ती शेवटपर्यंत वाचावी तेव्हा उमगते की हे महाशय म्हणजे घरातील एक कुत्रा होते!

या उद्यानाच्या रचनेचेही एक शास्त्र होते. त्यापूर्वीच्या युरोपीय बागा म्हणजे भूमितीचा धडाच: सरळ वाटा, कातरलेली कुंपणे, दोन्ही बाजूंस सारख्या आकृती. चार्ल्स ब्रिजमन या उद्यानकाराने स्टो येथे भिंतीच्या ऐवजी खोल चर खणला आणि त्याची आतली बाजू दगडाने बांधून काढली. इंग्रजीत या चराला 'हाहा' असे गमतीचे नाव आहे. दुरून तो दिसतच नाही. त्यामुळे कुरणातील गुरे बागेत येऊ शकत नाहीत, पण पाहणाऱ्याची दृष्टी मात्र अडत नाही आणि बाग कोठे संपली व रान कोठे सुरू झाले हे कळेनासे होते. एका चराने सारा आसमंत उद्यानात ओढून घेतला. 1741 साली लान्सलॉट ब्राउन हा तरुण येथे मुख्य माळी म्हणून रुजू झाला. त्याच्या काळात मजुरांनी फावड्यांनी आणि हातगाड्यांनी हजारो घनयार्ड माती हलवून एक संपूर्ण दरी निर्माण केली. आज तिच्याकडे पाहणाऱ्यास ती निसर्गानेच घडविली असे वाटते, आणि तसे वाटावे हाच त्या श्रमांचा हेतू होता. पुढे इंग्लंडभर शेकडो उमरावांच्या जमिनींचे रूप बदलणारा ब्राउन तो हाच.

परंतु या सौंदर्याखाली एक गाव गाडले गेले, हेही सांगितले पाहिजे. स्टो नावाची मूळ वस्ती बागेच्या आड येत होती. ती हळूहळू उठविण्यात आली. रहिवासी शेजारच्या डॅडफर्डसारख्या वस्तीत गेले. राहिले ते केवळ त्यांचे जुने चर्च, आणि तेही झाडांच्या राईत लपविलेले. याच चर्चमध्ये 1744 साली ब्राउनचे लग्न लागले. ज्या गावाचे ते चर्च, ते गाव मात्र मालकाच्या दृश्यात बसत नव्हते.

कॉबमनंतर घराण्याचे वैभव वाढतच गेले. विवाहसंबंधांतून जमिनी आल्या, पदव्या आल्या, आणि 1822 साली बकिंगहॅमचे ड्यूकपदही आले. पण पदवीबरोबर खर्च येतो आणि खर्चाबरोबर सावकार येतो. दुसरा ड्यूक 1839 साली गादीवर बसला तेव्हाच इस्टेट कर्जात होती. त्याने ती बुडविली. 1845 च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी पाहुणी म्हणून आली, तेव्हा प्रासादात सजावटीची कसर नव्हती. दोन वर्षांनी जप्ती आली आणि ड्यूक परदेशी निघून गेला. 1848 च्या ऑगस्टमध्ये घरातील चीजवस्तूंचा लिलाव सुरू झाला आणि तो 40 दिवस चालला. चित्रे, चांदी, चिनी मातीची भांडी, गालिचे आणि तळघरातील मद्य, सर्व हातोड्याखाली गेले. ज्याला शेक्सपिअरचे सर्वांत विश्वसनीय चित्र मानतात ते लॉर्ड एल्झमीअरने 355 गिनींना घेतले. 1856 साली ते लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाची पहिली नोंद ठरले. एकंदर वसुली सुमारे 75 हजार पौंडांची झाली. देणे मात्र 10 लाख पौंडांहून अधिक होते! स्टोचा स्वामी 1861 साली लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाजवळील एका हॉटेलात वारला.

त्याचा मुलगा, तिसरा ड्यूक, निराळ्या घडणीचा निघाला. बापाची कर्जे डोळ्यांदेखत पाहिलेला हा माणूस आगगाडी कंपनीचा अध्यक्ष होऊन कामास लागला, आणि 1875 साली मद्रासचा गव्हर्नर म्हणून आपल्या देशात आला. पाठोपाठ 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ कोसळला. मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या काळी दुष्काळी काम म्हणून मद्रास शहरातील अड्यार आणि कूवम या दोन नद्यांना जोडणारा कालवा खणण्यात आला. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या त्या साऱ्या जलमार्गाला बकिंगहॅम कालवा हे नाव पडले. आजच्या चेन्नईतही ते टिकून आहे. स्टोची तळी नजरेला सुख व्हावे म्हणून खणली गेली, आणि चेन्नईतील हा चर भुकेल्या माणसांनी मूठभर अन्नासाठी खणला. दोन्ही ठिकाणी माती मजुरानेच उचलली. नाव मात्र एकाच घराण्याचे झाले.

तिसऱ्या ड्यूकला मुलगा नव्हता. 1889 साली तो वारल्यावर ड्यूकपद लोपले आणि स्टो त्याच्या मुलीकडे आले. पहिल्या महायुद्धात तिचा वडील मुलगा कामी आला. 1921 च्या जुलैत आता घर, बाग, मंदिरे आणि जमीन सारेच विक्रीस निघाले; पुढच्याच वर्षी पुन्हा लिलाव झाला. सुरुवातीस जो प्रश्न मांडला तो येथे प्रत्यक्ष उभा राहिला. बागेतील पुतळे सुटे विकता येत होते, म्हणून ते विकले गेले. सॅक्सन देवतांच्या मूर्ती आपापल्या चौथऱ्यांवरून उठून वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या. मूर्ती सुंदरच राहिल्या. पण ज्या वाटेच्या वळणावर त्या भेटाव्यात अशी योजना होती, ते वळण मुके झाले. चित्र कोठेही टांगले तरी चित्रच असते. बागेचे मात्र तुकडे केले की शिल्लक राहतात ते केवळ झाडे, दगड आणि पाणी.

बकिंगहॅम गावाकडून प्रासादाकडे येणारी दीड मैलाची वृक्षवीथी घरबांधणीच्या तुकड्यांत जाण्याची वेळ आली होती. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुशिल्पज्ञाने ती पदरच्या पैशाने विकत घेऊन वाचविली. प्रासादाला अखेर गिऱ्हाईक मिळाले ते एका नव्या शाळेच्या रूपाने. 11 मे 1923 रोजी 99 मुलांनिशी स्टो स्कूल सुरू झाले. ज्या दालनात राजेरजवाडे जेवले, तेथे विद्यार्थी जेवू लागले. कॉबमच्या मंदिरांभोवती क्रिकेटची मैदाने झाली. हे पाहून काहींना हळहळ वाटली असेल. परंतु विसाव्या शतकात इंग्लंडमधील अशी हजारावर घरे करभारापायी आणि डागडुजीच्या खर्चापायी जमीनदोस्त झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मुलांच्या गोंगाटाचे मोल कळते. घराला कोणी वापरणारा मिळाला, म्हणून घर उभे राहिले.

मात्र मंदिरांची दुरुस्ती हा शाळेच्या ऐपतीबाहेरचा व्यवहार होता. 1989 साली उद्यान नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन करण्यात आले. त्यासाठी लागणारा निधी देणाऱ्याने आपले नाव गुप्त ठेवले. प्रत्येक दगडावर घराण्याची मुद्रा उमटविणाऱ्यांची ही बाग एका अनामिकाच्या देणगीने तरावी, यात एक प्रकारचा न्याय आहे. त्यानंतर तळ्यांतील गाळ उपसला गेला, हजारो झाडे लावली गेली, आणि विकल्या गेलेल्या अनेक मूर्तींच्या प्रतिकृती त्यांच्या जुन्या जागी उभ्या राहिल्या.

आपल्याकडेही जुने वाडे, राजवाडे आणि त्यांच्या बागा विक्रीस निघतात, आणि त्या वेळी चर्चा होते ती किमतीची. स्टोचा इतिहास सांगतो की, खरेदीची रक्कम एकदाच द्यावी लागते. राखणीची रक्कम दर वर्षी, दर पावसाळ्यानंतर, पिढ्यान्‌पिढ्या द्यावी लागते. जो ती देण्यास सिद्ध असेल, मग तो सरदार असो, शाळा असो की नाव न सांगणारा दाता असो, त्यालाच अशा वास्तूचा धनी म्हणणे शोभेल. बाकीच्यांच्या हाती असते ते केवळ खरेदीखत.