धुक्यांतील सूर्योदय

पौषांतल्या पहांटे गोदाकांठीं उभें राहिलें म्हणजे समोर काय दिसतें, असें नाशिककरांस विचारलें तर ते सहज सांगतील: नारोशंकराचें देऊळ, रामकुंडाच्या पायऱ्या, स्नानास उतरलेले लोक. परंतु श्रोतेहो, धुकें दाट असतां डोळ्यांस खरोखर काय दिसतें? एक करडा पडदा, त्यांत कांहीं गडद डाग आणि पाण्यावर थरथरणारी तांबूस रेघ. देऊळ व पायऱ्या ठाऊक असतात, म्हणून त्या दिसल्याचा भास होतो.

ठाऊक असलेलें बाजूस सारून दिसलें तेवढेंच रंगवावें, हा हट्ट फ्रान्सचे चित्रकार क्लोद मोने यांनीं धरला. त्यांचें बालपण ल हाव्र या बंदरांत गेलेलें. तेथील धक्के व गलबतें त्यांच्या पूर्ण परिचयाचीं. तरीहि त्याच बंदराचा सूर्योदय रंगवितांना त्यांनीं डोलकाठ्या व याऱ्यांचे सांगाडे निळसर छटांनीं नुसते सुचविले. पुढची होडी दोनचार काळसर फटकाऱ्यांत आटोपली. आणि नारिंगी सूर्याचें प्रतिबिंब तुटक रेघांनीं पाण्यावर मांडलें. चित्रावर १८७२ हें साल आहे.

१८७४ सालीं पॅरिस येथें, नादार नामक छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रशाळेंत, तें प्रदर्शित झालें. लुई लरवा या टीकाकारानें त्याची यथेच्छ टवाळी केली; भिंतीस चिकटवावयाचा कागदहि याहून पुरा असतो, असा त्याचा आशय होता. चित्राच्या नांवांतील ‘इंप्रेशन’ हा शब्द त्यानें थट्टेसाठीं उचलला, आणि तोच पुढें पंथाचें नांव झाला. मराठींत त्यास दृक्प्रत्ययवाद म्हणतात.

चित्र खरोखरच अपुरें होतें काय? मार्गारेट लिव्हिंग्स्टन या शास्त्रज्ञ विदुषीनें दाखवून दिलें आहे कीं, या चित्राची कृष्णधवल प्रत काढली तर सूर्य जवळजवळ नाहींसा होतो. उजळपणांत तो भोंवतालच्या आकाशाइतकाच आहे. त्याचें सारें तेज रंगभेदाचें आहे. इतकें सूक्ष्म अवलोकन घाईच्या कामांत साधत नाहीं.

ही दृष्टि परदेशापुरतीच नव्हती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले व शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. कोल्हापुरास समुद्र नाहीं; परंतु रंकाळा व कोटितीर्थ यांच्या पाण्यावर उतरणारा प्रकाश त्यांनीं वर्षानुवर्षें रंगविला. १९३१ सालीं ते निवर्तले. मोने यांचें तें टवाळी झालेलें चित्र आज पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयांत जतन केलेलें आहे. आबालालांच्या विपुल चित्रांपैकीं मात्र फारच थोडीं उरलीं आहेत.

नाशिकच्या घाटावर आजहि चित्रकार कागद मांडून बसतात. त्यांच्या चित्रांत देऊळ ओळखूं आलें नाहीं म्हणून तें अपुरें ठरविण्यापूर्वीं पाहणारानें क्षणभर थांबावें आणि स्वतःस विचारावें: त्या सकाळीं देऊळ दिसत तरी होतें काय?