दोन देश, दोन कारखाने



ज्या देशात कारखाने तो श्रीमंत, ज्या देशात नाहीत तो गरीब, असा आपला साधा हिशेब असतो. पण कारखाने दोन्हीकडे उभे राहिले आणि तरी एकच देश पुढे गेला, असंही घडलंय.

घाना १९५७ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तिथलं दरडोई उत्पन्न दक्षिण कोरियाच्या जवळपास होतं. कोरिया तर युद्धातून नुकता सावरत होता. घानाकडे कोको, सोनं, बॉक्साइट सगळं होतं. देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी व्होल्टा नदीवर अकोसोम्बोचं धरण बांधलं. सुमारे ८०,००० माणसांची घरं त्यात गेली. जानेवारी १९६६ मध्ये उद्घाटन झालं आणि पुढच्याच महिन्यात लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली. धरणाची बहुतेक वीज स्वस्तात गेली ती अमेरिकी कंपन्यांच्या अॅल्युमिनियम कारखान्याला. बॉक्साइट घानाच्या जमिनीत, पण कारखाना चालायचा बाहेरून आणलेल्या अॅल्युमिनावर. तयार धातूही बोटीने बाहेरच जायचा. देशाच्या हाती उरले विजेच्या बिलाचे पैसे आणि थोड्या नोकऱ्या.

आता कोरिया. पोहांगच्या पोलाद कारखान्याची कंपनी १९६८ साली स्थापन झाली. लोहखनिज आणि कोळसा बाहेरूनच आणायचा होता. हे परवडणार नाही, असं जागतिक बँकेचं मत पडलं. मग वसाहती राजवटीबद्दल जपानकडून मिळालेल्या भरपाईतला पैसा इकडे वळवला, इंजिनिअर जपानला शिकायला धाडले आणि १९७३ साली उत्पादन सुरू झालं. ते पोलाद देशातल्याच गोद्यांना, मोटार कारखान्यांना मिळू लागलं. एका कारखान्याने दुसऱ्याला हात दिला.

याची किंमत कोरियन कामगारांनी मोजली. पगार तुटपुंजे, कामाचे तास लांबलचक आणि संघटनांवर लष्करी राजवटीची टाच. शिवाय कोरियाला अमेरिकी मदत आणि बाजारपेठ होती. घानाचं नशीब कोकोच्या भावावर टांगलेलं होतं. आज कोरियाचं दरडोई उत्पन्न वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर आहे, घानाचं दोन-अडीच हजारांच्या आसपास.

तेव्हा श्रोतेहो, नव्या प्रकल्पाची कोनशिला बसेल त्या दिवशी गुंतवणुकीच्या आकड्याने दिपून जाऊ नका. इथला कच्चा माल वापरणार का, तयार माल इथल्या कोणत्या उद्योगाला मिळणार आणि त्यातलं कसब आपल्यापैकी कोण शिकणार, हे तीन प्रश्न जरूर विचारा.