क्षयजंतूंचे संवर्धन

मनुष्याच्या आतड्यांत वस्ती करणारा एक सामान्य जंतू अनुकूल अन्न मिळताच सुमारे २० मिनिटांत दुणावतो. क्षयाच्या जंतूला तेवढ्याच कामासाठी जवळजवळ २० तास लागतात. दोन-चार दिवसांत काही उगवले नाही म्हणून नळ्या फेकून देणाऱ्या संशोधकाच्या हाती हा जंतू लागणे शक्यच नव्हते.

रॉबर्ट कॉख यांनी गुरांच्या रक्तातील लस तिरप्या नळीत उष्णतेने गोठवली, तिच्यावर रोगग्रस्त ऊतीचा अंश पेरला, शरीराइतकी ऊब दिली आणि वाट पाहिली. दुसऱ्या आठवड्यात कोरडे, खवल्यांसारखे ठिपके दिसू लागले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्यांनी हा शोध जाहीर केला.

पुढे लसीची जागा अंड्यांनी घेतली. लोवेनस्टाइन-जेन्सेन माध्यमात अंडी, ग्लिसरीन, काही क्षार आणि मॅलाकाइट ग्रीन नावाचा हिरवा रंग असतो. अंडी पोषण करतात. रंग परक्या जंतूंना आवर घालतो. खरी अडचण या परक्यांचीच. रोग्याच्या बेडक्यातील इतर जंतू एक-दोन दिवसांत सारी नळी व्यापून टाकतात. यास्तव बेडका आधी कॉस्टिक सोड्याने शुद्ध करावा लागतो. मेणचट कवचामुळे क्षयजंतू त्यातून तगतो. परंतु सोडा तीव्र झाला किंवा काही मिनिटे अधिक राहिला, तर तोही मरतो. मग नळी रिकामी राहते आणि आजारी माणूस निरोगी ठरतो! एवढा अनर्थ सोड्याच्या मात्रेवर अवलंबून असतो.

नंतर घट्ट झाकणाची बाटली ३७ अंशांच्या उबवणी-पेटीत राहते. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी खडबडीत, पिवळसर वाढ दिसण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. आठ आठवडे झाल्यावाचून नकार द्यावयाचा नाही. कोणते औषध लागू पडेल, या उत्तराची रोगी तोवर वाट पाहत असतो. द्रव माध्यमांनी हा काळ बराच कमी केला, आणि जंतूंच्या जनुकांची परीक्षा तर दोन तासांत निदान देते. तथापि ती मेलेल्या जंतूचेही अस्तित्व दाखविते. उपचार चालू असता जंतू जिवंत आहे की नाही, हे संवर्धनच सांगते.

कुष्ठाचा जंतू याहून हट्टी. हॅन्सेन यांनी तो १८७३ साली नॉर्वेत पाहिला. पण कोणत्याही कृत्रिम माध्यमात तो अद्याप वाढलेला नाही. त्याला दुणावण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्यास शीतल जागा प्रिय. १९६० साली शेपर्ड यांनी त्याला उंदराच्या तळपायात वाढविले.